रेंज नसलेल्या गावी ओळख कशी पटते

समोर उभी असलेली व्यक्ती स्वतःला जी म्हणवते तीच ती आहे, याचा निर्वाळा हातातल्या यंत्राने द्यायचा असेल तर त्या यंत्राने दूरच्या एखाद्या संगणकाला विचारलेच पाहिजे, ही समजूत गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात इतकी रुजली आहे की तिच्याविषयी कोणी फारसा प्रश्नही विचारत नाही. रेशन दुकानात अंगठा टेकवल्यावर यंत्राच्या पडद्यावर फिरत राहणारे चक्र आणि खिडकीपलीकडून येणारे ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे उत्तर, या दोहोंनी ती समजूत पक्की केली. ती निम्मीच खरी आहे. ओळख पटवण्याच्या क्रियेतील कोणत्या भागाला इंटरनेट लागते आणि कोणत्या भागाला मुळीच लागत नाही, हे वेगळे करून पाहिले, तर दोन यंत्रे कोणत्याही जाळ्याशी जोडलेली नसतानाही एकमेकांची आणि आपापल्या धारकांची ओळख भक्कमपणे पटवू शकतात असे दिसते. किंबहुना ज्या भूभागात टॉवर विरळ आहेत आणि रोजगार, धान्य व औषधोपचार हे सारे ओळखीवर अवलंबून आहे, तेथे हीच पद्धत मुख्य असायला हवी आणि ऑनलाइन पडताळणी तिच्या जोडीला असावी.

छत्तीसगड हा असा भूभाग आहे. रायपूरमधील चौबे कॉलोनी ही तेथील महाराष्ट्र मंडळामुळे राज्यातील मराठी माणसांना परिचित असलेली वसाहत; तेथे बसून भ्रमणध्वनीला रेंज नसण्याची कल्पना करणे अवघड जाते, पण याच शहरातील रुग्णालयांच्या खिडक्यांसमोर जी माणसे रांगेत उभी असतात त्यांतील कित्येक बस्तरच्या किंवा सरगुजाच्या जंगलपट्ट्यातून आलेली असतात, आणि त्यांच्या गावी रेंजसाठी टेकडीवर चढावे लागणे ही नित्याची बाब असते. ओळख मागणारा आणि ओळख देणारा यांच्यातील हे अंतर नवे नाही. 1758 मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत या मुलखाचा व्यवहार दूरवरून आलेल्या कागदांवर चालत होता, आणि तो कागद खरा की खोटा हे ठरवण्यासाठी दर वेळी स्वार पाठवून विचारपूस करणे शक्य नव्हते.

त्या काळच्या मराठी दफ्तराने या अडचणीवर काढलेला तोडगा आजही बोलीत टिकून आहे. एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे म्हटले जाते, पण शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या मुद्रा होत्या हे आज सहसा लक्षात राहिलेले नाही. पत्राच्या आरंभी उमटवलेला शिक्का ते कोणाच्या अधिकाराने निघाले हे सांगे. शेवटी उमटवलेले मोर्तब मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडले असेल तर ते खोटे, अशी मर्यादा घालून देई. आणि लांबलचक पत्रासाठी कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवले असतील तर त्यांच्या सांध्यांवरही मुद्रा उमटवली जाई, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा बसवता येऊ नये. पाठवणारा कोण, मजकूर कोठे संपतो आणि मध्ये फेरफार झाला आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागद स्वतःच जवळ बाळगत असे, आणि ती वाचण्यासाठी पाहणाऱ्याला मुद्रेचा ठसा आधीपासून माहीत असणे एवढेच पुरेसे होते. विश्वास आधी पोहोचवून ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी विचारावे लागत नाही: इंटरनेटविना ओळख पटवण्याच्या आजच्या सर्व पद्धती या एकाच तत्त्वावर उभ्या आहेत.

मुद्रेच्या पद्धतीत एक उणीव मात्र होती. ज्याला ठसा ओळखता येतो त्याला, किंवा त्याने नेमलेल्या कुशल कारागिराला, तसाच ठसा कोरताही येतो. पारखण्याचे ज्ञान आणि घडवण्याचे ज्ञान यांची ताटातूट करण्याचा मार्ग गणिताला सापडला तो 1976 मध्ये, जेव्हा व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी दोन किल्ल्यांची कल्पना जाहीरपणे मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारी रीत शोधली आणि ती त्यांच्या आद्याक्षरांवरून आरएसए या नावाने ओळखली जाते. या रीतीत परस्परांशी गणिताने बांधलेल्या दोन संख्या असतात. एक गुप्त किल्ली, जी फक्त सही करणाऱ्याकडे राहते. दुसरी उघड किल्ली, जी कोणालाही द्यावी. सही करायच्या मजकुराचा आधी एक ठराविक लांबीचा गोषवारा काढला जातो, आणि हा गोषवारा असा असतो की मजकुरातील एक काना जरी बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. या गोषवाऱ्यावर गुप्त किल्लीने केलेली गणिती क्रिया म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. उघड किल्ली जवळ असलेल्या कोणालाही ती स्वाक्षरी तपासता येते, पण त्या किल्लीच्या आधारे नवी स्वाक्षरी घडवणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. जुन्या दफ्तराच्या भाषेत सांगायचे तर शिक्का, मोर्तब आणि सांध्यावरील मुद्रा ही तिन्ही कामे एकच संख्या करते आणि तिचा ठसा गावोगाव वाटला तरी बनावट मुद्रा कोणी कोरू शकत नाही.

या स्वाक्षरीचे सर्वांत जवळचे उदाहरण बहुतेकांच्या पाकिटात असते. आधारची पहिली ओळख 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिली गेली, पण आधारपत्रावरचा क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तो दाट ठसा, आजच्या अर्थाने सुरक्षित झाला तो 2018 मध्ये, जेव्हा विशिष्ट ओळख प्राधिकरणाने त्यात डिजिटल स्वाक्षरी घातली. हा ठसा जवळून पाहण्यासारखा आहे. स्कॅनर त्यातून प्रथम एक प्रचंड मोठी संख्या वाचतो, ती उलगडून बाइटांच्या, म्हणजे संगणकी अक्षरांच्या, ओळीत रूपांतरित करतो आणि दाबून लहान केलेला मजकूर पुन्हा फुलवतो. त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि एक बारीकसा फोटो क्रमाने मांडलेला असतो. बारा अंकी आधार क्रमांक पूर्ण नसतो, त्याऐवजी शेवटचे चार अंक आणि तो मजकूर तयार झाल्याची तारीख-वेळ जोडून केलेला संदर्भ क्रमांक असतो. भ्रमणध्वनी क्रमांकही उघड न ठेवता त्याचा गोषवारा ठेवलेला असतो. सर्वांत शेवटी 256 बाइटांची प्राधिकरणाची स्वाक्षरी येते. तपासणाऱ्या फोनमध्ये प्राधिकरणाची उघड किल्ली आधी उतरवून ठेवलेली असेल तर तो विमान-अवस्थेत असला तरी क्षणार्धात सांगू शकतो की हा मजकूर प्राधिकरणानेच दिला आहे आणि त्यात अक्षराचाही बदल झालेला नाही. पत्त्यातील घर क्रमांकाचा एक आकडा बदलून नवा क्यूआर कोड छापला, तर गोषवारा जुळत नाही आणि स्वाक्षरी नाकारली जाते.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तोच या विषयातील अवघड भाग आहे. मजकूर खरा आहे हे कळले. तो दाखवणारा त्याचा धनी आहे हे कशावरून? कागदावरच्या ठशाची छायाप्रत अस्सलाइतकीच अस्सल असते. फोटो पाहून चेहरा ताडणे हा एक उपाय झाला, पण तो पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडलेला. पक्का उपाय हवा असेल तर ओळखपत्रात अशी एखादी गोष्ट असायला हवी की जी दाखवता येते पण उतरवून घेता येत नाही. परवलीचा शब्द येथे कामाचा नाही, कारण तो एकदा उच्चारला की ऐकणाऱ्याचाही होतो. त्याऐवजी तपासणारे यंत्र दर वेळी एक नवी, आधी कधीच न वापरलेली संख्या पुढे करते आणि ओळखपत्रातील चिप आपल्या पोटातील गुप्त किल्लीने त्या संख्येवर क्रिया करून उत्तर देते. उत्तर बरोबर आले म्हणजे किल्ली आत आहे हे सिद्ध होते, पण किल्ली बाहेर येत नाही, आणि आजचे उत्तर चोरून ठेवले तरी उद्याच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही. याला आव्हान-प्रतिसाद पद्धत म्हणतात.

ही पद्धत छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत, फारशी चर्चा न होता, वर्षानुवर्षे राबवली गेली. 2008 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला पाच जणांपर्यंत मिळून वर्षाला 30,000 रुपयांचे रुग्णालयीन संरक्षण मिळे, आणि 2012 मध्ये राज्याने मुख्यमंत्री स्वास्थ्य बीमा योजना आणून उरलेल्या कुटुंबांनाही त्याच चौकटीत घेतले. या दोन्ही योजनांचे प्लास्टिकचे कार्ड छत्तीसगडमध्ये नुसतेच ‘स्मार्ट कार्ड’ म्हणून ओळखले जाई. त्याच्या चिपमध्ये कुटुंबातील सदस्यांच्या बोटांचे ठसे, फोटो आणि विम्याची शिल्लक रक्कम साठवलेली असे, आणि ती संपूर्ण व्यवस्था रुग्णालयात इंटरनेट नसेल असेच गृहीत धरून आखलेली होती.

कार्ड गावातच, नोंदणीच्या तळावर, हातोहात छापून मिळे. पण ते चालू होण्यासाठी तळावर एका सरकारी कर्मचाऱ्याची हजेरी सक्तीची होती; त्याच्याजवळ स्वतःचे अधिकारपत्र म्हणून वेगळे चिप-कार्ड असे, तो ते यंत्रात घालून आपले बोट टेकवी आणि त्यानंतरच नव्या कार्डावर सरकारची किल्ली बसे. म्हणजे विमा कंपनीच्या माणसाने मनात आणले तरी सरकारी कर्मचाऱ्याच्या पश्चात एकही कार्ड सुरू करणे शक्य नव्हते, आणि कोणत्या कर्मचाऱ्याच्या साक्षीने किती कार्डे निघाली याचा हिशेबही त्याच्याच कार्डात राहात असे. रुग्णालयाच्या खिडकीशी मेजावर कार्ड वाचणारी दोन यंत्रे ठेवलेली असत. एकात रुग्णालयाचे अधिकृत कार्ड, दुसऱ्यात रुग्णाचे. रुग्णाचे कार्ड रुग्णालयाच्या कार्डाकडून किल्लीची साक्ष पटल्याशिवाय आपली शिल्लक कमी करू देत नसे, आणि रुग्णाची ओळख कार्डातल्या ठशाशी समोरचे बोट जुळवून पटवली जाई. रुग्णाचे बोट उमटत नसेल तर कार्डावर नोंद असलेल्या घरातल्या दुसऱ्या सदस्याचे चाले. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांच्या देशात ही सवलत फार शहाणपणाची होती. दाखल होताना रक्कम राखून ठेवली जाई, घरी सोडताना पुन्हा बोट घेऊन ती वजा होई, आणि झालेल्या व्यवहारांची माहिती जोडणी मिळेल तेव्हा विमा कंपनीच्या सर्व्हरवर चढवली जाई. दोन कार्डांनी, कोणाही तिसऱ्याला न विचारता, एकमेकांना ओळखल्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण भारतात शोधून सापडणार नाही.

या योजनेने आणखी एक धडा दिला, जो आजही पुरेसा शिकला गेलेला नाही. घरातला कमावता माणूस मजुरीसाठी परराज्यात जात असेल तर कुटुंबाला कार्ड ‘विभागून’ घेता येई. मात्र तेव्हा विम्याची रक्कमही दोन कार्डांत वाटली जाई. याचे कारण साधे आहे. ओळख दाखवल्याने खर्च होत नाही, ती एकाच दिवशी दहा ठिकाणी दाखवली तरी कोणाचे नुकसान नाही. पैसा मात्र खर्च होतो, आणि एकाच 30,000 रुपयांवर दोन कार्डे एकमेकांना न विचारता हक्क सांगू लागली तर तीच रक्कम दोनदा उचलली जाईल. 2012 पासून रायपूर शहरात राबवलेल्या कोर पीडीएस या व्यवस्थेत शिधापत्रिकाधारकाला आपल्या पसंतीच्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेण्याची मुभा मिळाली, आणि तेथे दुकानातल्या यंत्रांना मध्यवर्ती हिशेबाशी जोडणे भाग पडले ते याच कारणाने. जोडणी लागते ती हिशेबाला, ओळखीला नव्हे. रेशन दुकानातून परत पाठवलेल्या माणसाची बहुतेक वेळा ओळख पटायला हरकत नसते. खोळंबलेला असतो तो हिशेब, आणि तो दुकान ठरलेले असेल तर दुकानातच लिहून ठेवून नंतर जुळवता येण्यासारखा असतो.

ओळखीची मर्यादाही याच काळात उघडी पडली हे नोंदवणे भाग आहे. विम्याच्या पैशासाठी स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याचे प्रकरण 2012 मध्ये छत्तीसगडमध्ये उघडकीस आले. त्या शस्त्रक्रियांपूर्वी कार्डाने आपले काम चोख केले असले, तरी समोरची स्त्री तीच आहे एवढेच ते सांगू शकत होते. तिला त्या शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे सांगणे कोणत्याही चिपच्या हाती नव्हते. पुढे 23 सप्टेंबर 2018 रोजी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना तिच्यात विलीन झाली आणि पडताळणी मुख्यतः ऑनलाइन झाली.

आता चिप-कार्डाची जागा फोन घेऊ पाहात आहे. फोनवरील वाहन-परवान्यासाठी 2021 मध्ये आयएसओ 18013-5 हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले, आणि दोन फोन इंटरनेटशिवाय एकमेकांशी कसे बोलतील याचा त्यात बारकाईने विचार केलेला आहे. परवानाधारकाचा फोन प्रथम एक क्यूआर कोड दाखवतो, पण त्यात परवाना नसतो. असते ती केवळ त्या एका भेटीपुरती बनवलेली उघड किल्ली. तपासणाऱ्याचा फोन ती वाचून आपलीही तशीच किल्ली पाठवतो, दोघे मिळून एक सामायिक गुपित तयार करतात आणि पुढचा सारा संवाद ब्लूटूथवरून किंवा फोन फोनला टेकवून, त्या गुपिताने कुलूपबंद होऊन चालतो. परवाना देणाऱ्या खात्याने नाव, पत्ता, जन्मतारीख, ‘18 वर्षे पूर्ण’ अशा प्रत्येक रकान्याचा स्वतंत्र गोषवारा काढून त्या गोषवाऱ्यांच्या यादीवर स्वाक्षरी केलेली असते, त्यामुळे धारक फक्त ‘18 वर्षे पूर्ण’ एवढाच रकाना उघडून दाखवू शकतो आणि बाकीचे रकाने झाकलेले राहूनही स्वाक्षरी तपासता येते. त्याच यादीत फोनच्या चिपमधील किल्लीची जोडीदार उघड किल्लीही नोंदलेली असते. फोन चालू संवादावर त्या किल्लीने सही करतो आणि परवाना दुसऱ्या फोनवरून उचलून आणलेला नाही हे सिद्ध होते.

दोघांच्या मध्ये लपून बसणाऱ्या तिसऱ्याचा बंदोबस्त हा स्वतंत्र प्रश्न आहे. दोन फोन ब्लूटूथने जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी संख्या येते आणि ‘दोन्हीकडे सारखीच आहे का’ असे विचारले जाते, तेव्हा बहुतेक जण न पाहताच होकार देतात. वस्तुतः ती संख्या दोन्ही फोनांच्या किल्ल्या मिसळून काढलेली असते, आणि मध्ये कोणी वेगळ्या किल्ल्या सरकवल्या असतील तर दोन पडद्यांवर दोन वेगळ्या संख्या येतील. भामट्याच्या बाजूने त्या योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. येथे दोन माणसे समोरासमोर उभी आहेत आणि एकमेकांचे पडदे पाहू शकतात, हीच सुरक्षा आहे. जी गोष्ट दूरच्या सर्व्हरला कधीच करता येत नाही ती जवळ उभी असलेली दोन माणसे नजरेने करतात.

इंटरनेटविना जे खरोखरच करता येत नाही ते म्हणजे ताजी बातमी मिळवणे. काल हरवलेले कार्ड आज रद्द झाले, हे रेंजबाहेरच्या यंत्राला कळणार नाही. यावर दोन तोडगे आहेत: ओळखपत्राची मुदतच आखूड ठेवायची, म्हणजे हरवलेले पत्र काही दिवसांत आपोआप निरुपयोगी होईल, किंवा रद्द झालेल्या पत्रांची यादी यंत्राने रेंजमध्ये आल्यावर उतरवून घ्यायची. दोन्हींसाठी यंत्राचे घड्याळ बरोबर असावे लागते. बॅटरी मरून घड्याळ मागे गेलेल्या यंत्राला मुदत संपलेली स्वाक्षरी ताजी वाटते, आणि ही अगदी क्षुल्लक वाटणारी बाब प्रत्यक्षात मोठी फट ठरते. एवढी जोखीम पत्करावी का, हे कशासाठी ओळख मागितली जाते यावर ठरायला हवे. जमिनीच्या खरेदीखतासाठी ती पत्करू नये. महिन्याच्या तांदळासाठी आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी मात्र ती पत्करलीच पाहिजे, कारण एखादे रद्द कार्ड चुकून चालून गेल्याने होणारे नुकसान, टॉवर बंद असल्यामुळे आजारी माणसाला दारातून परत पाठवण्याच्या नुकसानापुढे काहीच नाही.

ऑफलाइन पडताळणीचा दुसरा लाभ खासगीपणाचा आहे. ऑनलाइन पडताळणीत कोणत्या दिवशी कोणत्या संस्थेने विचारणा केली याची नोंद मध्यवर्ती ठिकाणी होते. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा नोंदी सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवण्यास मनाई केली. दोन यंत्रांत समोरासमोर झालेल्या पडताळणीची अशी मध्यवर्ती नोंद मुळात होतच नाही. 2019 च्या दुरुस्तीने ‘ऑफलाइन पडताळणी’ ही संज्ञा आधार कायद्यात आली, आणि अशी पडताळणी करणाऱ्याने संबंधिताची संमती घ्यावी, ओळखीचे इतर पर्याय सांगावेत, आधार क्रमांक किंवा बोटांचे ठसे गोळा करून साठवू नयेत, अशी बंधने तिने घातली.

प्रत्यक्षात मात्र वसतिगृह असो की भाड्याची खोली, आधारची झेरॉक्स मागून ती फायलीत लावण्याची रीत चौबे कॉलोनीपासून जगदलपूरपर्यंत सर्वत्र चालू आहे. त्या झेरॉक्सवर बारा अंक पूर्ण दिसतात, फोटो काळवंडून ओळखेनासा होतो, आणि ती खरी की संगणकावर जुळवलेली हे कोणालाच सांगता येत नाही. कोपऱ्यातला क्यूआर कोड स्पष्ट उमटला असेल तर 256 बाइटांची स्वाक्षरी त्या कागदावरही शाबूत असते, आणि ती वाचणारे ॲप खोली भाड्याने देणाऱ्याच्या खिशातल्या फोनवर विनामूल्य चालते.